दाराशी थांबलेला उंदीर

सांगलीहून हरिपूरच्या रस्त्याला लागलात, की कडेच्या पडीक जागेत हा कुठेतरी दिसतोच. भोंग्यासारखी पांढरी फुलं, काटेरी बोंडं. धोतरा. गणपतीच्या एकवीस पत्रींत याचं पान असतं. पण बी पोटात गेलं तर माणूस भ्रमिष्टासारखा बरळतो, कधी जीवही जातो. त्या विषातलं एक द्रव्य म्हणजे स्कोपोलामाइन. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी उंदरांना कित्येक दशकं हेच टोचलं जातंय.

हा उंदीर बघा. वजन 25 ग्रॅम. पेटीचा एक कप्पा उजेडाचा, दुसरा अंधाराचा, मध्ये दार. उंदराला अंधार प्रिय, तो लगेच आत शिरतो आणि पायाखालच्या सळ्यांतून हलका शॉक बसतो. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा उजेडात सोडायचं, घड्याळ लावायचं. आठवत असेल तर तो दारापर्यंत येतो, नाक आत घालतो, मिशा थरथरवतो आणि मागे फिरतो. 300 सेकंद झाले तरी आत जात नाही.

आता औषध. साधारण किलोमागे 1 मिलिग्रॅम, म्हणजे या जिवाला मिलिग्रॅमचा चाळिसावा भाग. खरी गोम आहे ती सुई कधी टोचली यात. शिकण्याआधी अर्धा तास टोचली, तर दुसऱ्या दिवशी उंदीर बहुधा सरळ अंधारात शिरतो. शिकून झाल्यावर टोचली, तर परिणाम बराच कमी, कधी दिसतही नाही. आठवायच्या वेळी दिलं, तर निकाल प्रयोगागणिक बदलतात.

कारण हे औषध मेंदूतल्या असिटिलकोलीनची वाट अडवतं, आणि नवं काही मनात उतरायला तोच निरोप्या लागतो. अल्झायमरमध्ये तो बनवणाऱ्या पेशीच झडत जातात.

माझ्या आजीला 2005 चा महापूर पायरीपायरीनं आठवतो. सकाळचा चहा मात्र आठवत नाही. मला वाटायचं, तिच्या मनातलं पुसलं जातंय. या पेटीपुढे बसल्यावर पहिल्यांदा वाटलं, चहा बहुधा उमटलेलाच नसतो. तेव्हापासून "आत्ताच सांगितलं ना, आजी" हे मी म्हणत नाही.

तिच्या रात्रीच्या गोळीत डोनेपेझिल असतं. ते असिटिलकोलीन लवकर संपू देत नाही. आजार काही बरा होत नाही. पण स्कोपोलामाइन टोचायच्या उंदराला तेही दिलं, तर दुसऱ्या दिवशी तो दाराशी जरा जास्त वेळ थांबतो.