भागाकारावर अडलेलं बिल्ड

[दृश्य: इंदूर, रामबाग. पहिल्या मजल्यावरची खोली, खाली रिक्षांचे आवाज. टेबलावर लॅपटॉप.]

लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, एक ड्रायव्हर. या लॅपटॉपवर, म्हणजे ६४-बिट एक्स८६ वर, तो एकही वॉर्निंग न देता बनलाय. आता तोच ३२-बिट आर्म या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बनवायचा. त्यासाठी आर्मचं मशीन लागत नाही, क्रॉस कंपायलर पुरतो, म्हणजे एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्यासाठी कोड बनवणारा. मेकला, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या कमांडला, आर्किटेक्चरचं (प्रोसेसरच्या जातीचं) नाव द्यायचं आणि कंपायलरच्या नावाचा सुरुवातीचा भाग, शेवटच्या डॅशसकट. डॅश विसरला की मेक भलताच कंपायलर शोधत बसतं. आणि हो, प्रत्येक आर्किटेक्चरला बिल्डचा फोल्डर वेगळा.

[दृश्य: स्क्रीन, अगदी जवळून.]

फाइल एकटी कंपाइल केली, तर पास! बरेच जण इथेच समाधान मानतात. ड्रायव्हरचं मॉड्यूल जोडताना मात्र मॉडपोस्ट, म्हणजे शेवटी सगळी नावं जुळवून पाहणारी पायरी, अडते: '__एईएबीआय_यूएलडिव्हमॉड' सापडत नाही. सोर्समध्ये कितीही शोधा, हे नाव मिळणार नाही. ते कंपायलरने घातलंय.

मूळ ओळ साधी आहे: एकूण नॅनोसेकंद भागिले नमुन्यांची संख्या. नॅनोसेकंद यू६४, म्हणजे ६४ बिटांची बिनचिन्ह संख्या. ६४-बिट एक्स८६ वर हा भागाकार एका इन्स्ट्रक्शनमध्ये होतो. ३२-बिट आर्मवर तशी सोय नाही, म्हणून जीसीसी हा कंपायलर स्वतःच्या लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो. आणि आर्मचा कर्नल ती लायब्ररी जोडतच नाही. हे मुद्दाम आहे. महागडा भागाकार नकळत होऊ नये, म्हणून.

नेमकी ओळ हवी असेल तर ऑब्जेक्ट फाइलवर, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइलवर, ऑब्जडम्प हे तिच्यातल्या इन्स्ट्रक्शन दाखवणारं साधन 'डीआर' पर्यायासह चालवा; ज्या फंक्शनमधून हाक जाते, ते समोर येतं. गंमत म्हणजे भाजक १०२४ असता तर कंपायलरने शिफ्टवर, म्हणजे नुसते बिट सरकवण्यावर, भागवलं असतं आणि चूक दडून राहिली असती. कुणीतरी १००० केलं, की बिल्ड पडलं.

दुरुस्तीत भाजक ३२ बिटांत मावत असेल तर कर्नलचं डिव्ह_यू६४ फंक्शन, नसेल तर डिव्ह६४_यू६४. जुनं डू_डिव्हही चालतं, पण ते भागाकार पहिल्याच व्हेरिएबलमध्ये ठेवतं आणि परत देतं ती बाकी. 'उत्तर बरोबर डू_डिव्ह' असं लिहिलं तर बिल्ड पास होतं, आकडे चुकतात. अनसाइन्ड लाँगचा कास्ट मारून, म्हणजे संख्येचा प्रकार जबरदस्तीने बदलून, एरर गप्प करणं त्याहून वाईट: आर्मवर वरचे ३२ बिट गळतात, म्हणजे सव्वाचार सेकंदांनंतर नॅनोसेकंदांचा हिशेब बिघडलाच.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. साइझ_टी या आकार मोजणाऱ्या प्रकाराची संख्या छापायला '%झेडयू'. मेमरी मागणारं केझॅलॉक फंक्शन ओळखीचं नाही असं कंपायलरने म्हटलं, तर स्लॅब हेडर स्वतः जोडा. एक्स८६ वर ते दुसऱ्या हेडरच्या आडून येत होतं.

[दृश्य: टर्मिनल. मॉड्यूल बनतं.]

आता ३२-बिट एक्स८६ वरही एकदा बनवायचं. तिथे हीच चूक '__यूडिव्हडीआय३' या नावाने येते. मग पॅचच्या, म्हणजे पाठवायच्या दुरुस्तीच्या, वर्णनाच्या तळाशी 'फिक्सेस' ओळ: बिघाड आणणाऱ्या कमिटच्या (नोंदलेल्या बदलाच्या) हॅशची, म्हणजे ओळख-क्रमांकाची, पहिली १२ अक्षरं, पुढे त्याचं शीर्षक.