20 किलो इंधन आणि 5 वर्षं

[दृश्य : श्रीहरिकोटा, पीएसएलव्हीचं उड्डाण]

5 नोव्हेंबर 2013. मंगळयान निघालं तेव्हा त्याचं वजन होतं 1,337 किलो. त्यातलं 852 किलो नुसतं इंधन. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा प्रवास, ती 5 वैज्ञानिक उपकरणं? सगळी मिळून 15 किलोंची.

24 सप्टेंबर 2014 ला यान मंगळाच्या कक्षेत शिरलं. मोहीम आखली होती 6 महिन्यांची. ते 6 महिने संपले, यान धडधाकट होतं, टाकीत थोडं इंधनही शिल्लक होतं. मग प्रश्न आला, हे पुरवायचं किती दिवस?

[दृश्य : मंगळाभोवती फिरणारं यान, एकाच बाजूला पसरलेला सौरपंख]

नुसतं फिरत राहायला इंधन लागत नाही. लागतं ते यान सावरायला. मंगळयानाला सौरपंख एकाच बाजूला. त्यावर सूर्यप्रकाशाचा दाब पडतो, अगदी नाजूक पण अखंड, आणि यान कलू लागतं. आतली फिरती चाकं तोल सांभाळतात. पण चाकांचा वेग वाढतच जातो, आणि तो उतरवायला छोटे थ्रस्टर, म्हणजे यानाला हलका धक्का देणारी छोटी इंजिनं, पेटवावे लागतात. दर वेळी थोडं थोडं इंधन खर्ची पडतं.

दुसरी मर्यादा बॅटरीची. यान मंगळाच्या सावलीत गेलं की सौरपंखाची वीज बंद. बॅटरी तग धरणार साधारण 1 तास 40 मिनिटं.

आणि 2017 मध्ये पुढे दिसत होती 8 तासांपर्यंतची ग्रहणं.

[दृश्य : सावलीकडे सरकणारी कक्षा]

17 जानेवारी 2017. 8 छोटे थ्रस्टर 431 सेकंद पेटवले आणि कक्षा बदलली. जळालं सुमारे 20 किलो इंधन. उरलं सुमारे 13.

या मोहिमेतला सगळ्यात धाडसी निर्णय मला हाच वाटतो. कक्षेत शिरताना सारा देश जागा होता. या दिवशी फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. शिल्लक इंधनातलं निम्म्याहून जास्त सात-साडेसात मिनिटांत संपवायचं, याला काळीज लागतं. पण जपून ठेवलं असतं, तर ते एका गारठून बंद पडलेल्या यानाच्या टाकीत पडून राहिलं असतं.

मोठी सावली चुकली. उरलेल्या इंधनावर यान वर्षानुवर्षं सूर्याकडे पंख रोखून राहिलं. 1 जुलै 2020 ला त्याच्या कॅमेऱ्यानं 4,200 किलोमीटरवरून मंगळाचा चंद्र फोबोस टिपला.

[दृश्य : फोबोसचं ते छायाचित्र]

2022 मध्ये ग्रहणं पुन्हा आली, एकापाठोपाठ एक. त्यातलं एक साडेसात तासांचं. एप्रिलमध्ये संपर्क तुटला.

इस्रोनं ऑक्टोबरमध्ये निष्कर्ष सांगितला : इंधन संपलं असावं, त्यामुळे वीज मिळवण्यासाठी हवी तशी दिशा यानाला धरता आली नाही.