झोळीचे वजन

इंदूरच्या राजेंद्रनगरातील या घरात तीन दिवस एकच काम चालले आहे. काकू पायी नर्मदा परिक्रमेला निघाल्या आहेत, आणि सतरंजीवर मांडलेल्या सामानातून रोज काहीतरी कमी होत आहे. शेजारून मागून आणलेल्या ताणकाट्याला झोळी अडकवली, तेव्हा पहिल्या दिवशी ती अकरा किलो भरली. मग जाड शाल गेली, स्टीलचा डबा गेला, तिसरी साडी गेली. पोथी मात्र दोनदा बाहेर निघाली आणि दोनदा परत आत ठेवली गेली. आज काटा साडेपाचावर थांबला.

आता त्यांचे हात पाहा. अडीअडचणीला असाव्यात म्हणून परकराच्या नेफ्यात शिवलेल्या पाचशेच्या चार नोटा त्या स्वतःच शिवण उसवून बाहेर काढत आहेत. परिक्रमावासीयाने उद्यासाठी संग्रह करू नये, मैया देईल तेवढे घ्यावे, असा जुना दंडक आहे, आणि नेफ्यात पैसे ठेवून तो पाळता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. घरच्यांचा विरोध होता. तो आता मावळला आहे.

अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहणारी ही नदी सतत उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र मध्ये कुठेही न ओलांडता, दोन्ही तीरांनी चालायचे असते. शास्त्रोक्त परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. वाटेतल्या शूलपाणीच्या झाडीत पूर्वी यात्रेकरूंच्या अंगावरच्या वस्त्रांपर्यंत सर्व काही लुटले जाई, आणि लुटणाऱ्या भिल्लांना परिक्रमावासी आजही ‘मामा’ म्हणतात, कारण मैयानेच आपला भार उतरवला, अशी त्यांची श्रद्धा आहे. ज्या अहिल्याबाईंनी महेश्वरहून राज्य करताना ते शंकराचे मानले, त्यांच्या इंदुरात वाढलेल्या काकूंना ही श्रद्धा परकी वाटत नाही.

ओंकारेश्वरचा हा दक्षिण तीर. मंदिर समोर बेटावर आहे, पण संकल्प सोडल्यावर पाणी ओलांडता येत नाही, म्हणून ओंकारेश्वराला परिक्रमा पूर्ण झाल्यावरच जल चढवले जाते. आज मामलेश्वराचे दर्शन, कन्यापूजन, आणि कुपीत भरून घेतलेले नर्मदेचे पाणी. त्या चार नोटा कन्यांच्या दक्षिणेत गेल्या.

पहिल्या मुक्कामी सदावर्तात पीठ, डाळ आणि मीठ असा कोरा शिधा मिळाला. विश्वास मैयावर असतो, पण हे पीठ काठावरच्या शेतकऱ्यांच्या कोठीतून येते, आणि ती घरे श्रीमंत नाहीत, हे आम्हांला आवर्जून सांगावेसे वाटते. ‘नर्मदे हर’ म्हणत शिधा देणाऱ्या बाबांनी आणखी एक मूठ पीठ पुढे केले, तोवर काकूंनी फडक्याला गाठ मारली होती.