अँटिक पीस

नागपूरच्या इतवारीत जुन्या पितळेच्या दुकानासमोर दोन मिनिटं उभे राहा, हे वाक्य कानावर पडतंच: "भाऊ, अँटिक पीस आहे, असा माल आता बनत नाही." आणि तिकडे धरमपेठेत चहाच्या टपरीवर हाच शब्द माणसाला लागतो, "तो ना, एकदम अँटिक पीस आहे बे!" म्हणजे तऱ्हेवाईक, नमुना. इंग्लिश मिडीयमवाले लगेच उच्चार सुधारतात, अँटीक म्हणा, टी दीर्घ. पण थांबा, गंमत पुढेच आहे.

लॅटिनमध्ये 'आंते' म्हणजे आधी, त्यावरून 'आंतिक्वुस', म्हणजे आधीचा, जुना. बस एवढंच. तिथून फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत अँटीक.

आता रोमला चला. इ.स. 64 मध्ये रोममध्ये मोठी आग लागली, त्यानंतर नीरो बादशहानं एक भला थोरला महाल बांधला, तो मेल्यावर पुढच्या राजांनी त्यात माती भरून वर नवीन इमारती उठवल्या, आणि शेकडो वर्षं कोणाला पत्ताच नाही की खाली काय आहे. पंधराव्या शतकाच्या शेवटी तो सापडला. चित्रकार दोर बांधून अंधारात उतरायचे, राफाएलसुद्धा उतरला, आणि मशालीच्या उजेडात भिंतींवर काय दिसलं? अर्धा माणूस अर्धी वेल, भलतीच जनावरं, सगळं विचित्र. इटालियन लोक असल्या जुन्या कामाला 'आंतिको' म्हणायचे, आणि त्यावरूनच इंग्रजीत 'अँटिक' हा वेगळा शब्द आला असं मानतात, अर्थ विचित्र, विदूषकी. म्हणजे अँटीक आणि अँटिक सख्खे भाऊ निघाले, आणि टपरीवरच्या त्या पोरानं शब्द अगदी बरोबर वापरला ना!

कायद्याला मात्र विचित्रपणाशी घेणंदेणं नाही, तो वय बघतो. भारताच्या 1972 च्या पुरावशेष कायद्यात वस्तू किमान 100 वर्षं जुनी लागते, हस्तलिखित असेल तर 75 चालतात. नागपूरकर भोसले घराण्यातल्या पहिल्या रघुजीराजांची तलवार यात आरामात बसते. 2025 मध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारनं ती 47 लाख 15 हजारांना घेतली. पातं युरोपी घडणीचं, म्हणून तिला फिरंग म्हणतात, पण त्यावर नाव देवनागरीत कोरलेलं.

आपल्या घरातली आजीची पितळी भांडी, गुंड, कोपर, गडवा? बहुतेक 60-70 वर्षांची, म्हणजे कायद्याच्या हिशोबानं अजून लहानच. दुकानदाराचा हिशोब तर त्याहून भारी, तुम्ही विकायला नेला की तो गुंड मोडीत, काट्यावर वजन करून, आणि चार दिवसांनी तोच चिंचेनं घासून शोकेसमध्ये ठेवला की अँटिक पीस, मग वजनाचं नाव कोणी काढत नाही.