झाकायचं की छाटायचं?

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘टिक्झमधलं क्लिपिंग : सम-विषम नियम आणि उलटं क्लिप’. तो येईलच. टिक्झ म्हणजे आज्ञा लिहून आकृत्या काढायची संगणकीय भाषा, आणि क्लिपिंग म्हणजे ठरवलेल्या हद्दीबाहेरचं छाटून टाकणं. पण त्याआधी एका पांढऱ्या त्रिकोणाबद्दल बोलू द्या. बरीच वर्षं मनात आहे, आणि आज समोर सगळे गणिताचेच शिक्षक सापडलेत.

दहावीला तुम्ही महत्त्वमापन शिकवता. वर्तुळखंडाचं क्षेत्रफळ म्हणजे वर्तुळपाकळी वजा त्रिकोण. एका प्रकाशकासाठी मी सरावपुस्तकातला भूमितीचा भाग लिहिला होता. नाव सांगत नाही, मानधनाचा शेवटचा हप्ता यायचाय अजून. आकृत्या मी कागदावर काढून दिल्या आणि डीटीपी करणाऱ्या मुलाने त्या माऊसने उतरवल्या. मुलगा हुशार. त्याने पाकळी करड्या रंगाने भरली आणि तिच्यावर एक पांढरा त्रिकोण आणून ठेवला. पाकळी वजा त्रिकोण! सूत्रच रंगवलं पठ्ठ्याने. प्रुफात कुणाला काही खटकलं नाही, कारण कागदही पांढराच.

मग प्रकाशकांच्या मनात आलं, सोडवलेल्या उदाहरणांच्या चौकटींना मागून फिकट पिवळा रंग द्यावा, पुस्तक उठून दिसतं. दिला. आणि पानोपानी पांढरे त्रिकोण उगवले. वर प्रश्न काय, तर ‘छायांकित भागाचे क्षेत्रफळ काढा.’ वर्गात एक जण उभा राहिला, “सर, छायांकित कुठला धरायचा? करडा का पांढरा?” आता त्याला काय सांगणार! आजूबाजूचं सगळं पान पिवळं, त्यात रंग बदललेले भाग दोन. त्याची शंका रास्तच होती.

मी फोन केला. “सर, दोन मिनिटांचं काम आहे, त्रिकोण पिवळे करून टाकतो.” केले. पण चौकटीचा पिवळा आणि त्रिकोणाचा पिवळा जुळेनात. पुढची आवृत्ती तर खर्च वाचवायला एकरंगी निघाली, आणि पिवळ्याचे झाले करडे ठिपके. पाकळी गडद करडी, त्रिकोण मध्यम करडा, चौकट फिकट करडी. छायांकित नाही असं त्या चौकटीत काही उरलंच नाही. (हशा)

तुम्ही हसताय, पण शाळेच्या कुठल्याही प्रश्नपत्रिकेची पीडीएफ उघडा आणि आकृतीवर क्लिक करून बघा. रेघ जिथे थांबायला हवी तिथे थांबलेलीच नसते, वर पांढरी पट्टी ठेवलेली असते. दोन वर्तुळांच्या वेन आकृतीत तर पट्टीखाली दुसऱ्या वर्तुळाचा घेरही जातो, मग तेवढा कंस पुन्हा वरून काढायचा. माझं म्हणणं इतकंच आहे की रेघ इथे का थांबली, याचं कारण आकृतीतच लिहिलेलं पाहिजे. पट्टी ठेवली की ते कारण काढणाऱ्याच्या डोक्यात राहतं, आणि तो तर नोकरी सोडून गेलेला असतो.

या बाबतीत वैतागणारा मी पहिला नव्हे. १९७७ साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहिली, अक्षरजुळणी त्यांना बघवेना. मी प्रकाशकाला फोन केला, त्यांनी टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्रामच लिहायला घेतला, फरक तेवढाच! अक्षरांचे आकार काढायला त्यांनी मेटाफॉन्ट केलं. त्याच भाषेवरून त्यांचे विद्यार्थी जॉन हॉबी यांनी मेटापोस्ट उभं केलं, ते आकृत्यांसाठी. आणि आपण वापरतो ते टिक्झ टिल टांटाऊ यांचं. त्याचं मॅन्युअल हजार पानांच्या वर आहे, तरी घाबरू नका. आपल्याला चारच आज्ञा लागतात : ड्रॉ रेघ काढते, फिल रंग भरते, क्लिप हद्दीबाहेरचं छाटते, आणि स्कोप ती छाटणी आपल्या आतल्या ओळींपुरतीच ठेवते.

तोच वर्तुळखंड घ्या. केंद्र मूळबिंदूवर, त्रिज्या २ सेंमी. ३० आणि १५० अंशांवरचे बिंदू जोडले की जीवा आडवी येते, केंद्रापासून बरोबर १ सेंमी वर. आता स्कोप उघडा. पहिली ओळ, क्लिप : हे वर्तुळ. दुसरी ओळ, फिल : (−३, १) पासून (३, ३) पर्यंतचा आयत. स्कोप बंद. आयत वर्तुळाच्या बाहेर ऐसपैस पसरलाय, पण शाई उमटते ती फक्त आतल्या भागात. खाली पांढरं काही नाही, वरही नाही. मागे पिवळा द्या, गुलाबी द्या, पानाला काही फरक पडत नाही.

आणि यात वजाबाकी कुठे आहे? नाहीच. वर्तुळखंड म्हणजे वर्तुळाचा आतला भाग आणि जीवेच्या एका बाजूचं अर्धप्रतल, यांचा छेद. क्षेत्रफळ काढताना वजाबाकी सोयीची, चित्र काढताना छेद. विशाल वर्तुळखंड काढायचा झाला तर त्या मुलाला त्रिकोण मिळवावा लागला असता, त्याची पांढरी युक्ती तिथेच संपली असती. आपण आयत जीवेच्या खालच्या बाजूला घ्यायचा, की झालं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

तर मग उलटं क्लिप, भराभर. वर्तुळाच्या बाहेरचंच दिसायला हवं असेल, तर क्लिपच्या मार्गात, म्हणजे हद्द ठरवणाऱ्या रेघेत, एक मोठा आयत आणि त्याच्या आत ते वर्तुळ, दोन्ही एकत्र द्यायचे. सम-विषम नियम असा : बिंदूपासून एक किरण काढा, तो मार्गाला किती वेळा छेदतो ते मोजा. विषम आलं तर बिंदू आत, सम आलं तर बाहेर. वर्तुळातल्या बिंदूचा किरण दोनदा छेदतो, म्हणून तो बाहेर. हा नियम सांगितला नाही, तर टिक्झचा नेहमीचा दुसरा नियम लागतो, तो मार्ग कुठल्या दिशेने फिरलाय ते मोजतो, आणि आयत व वर्तुळ एकाच दिशेने फिरवले असतील तर भोक भरून निघतं. नियम लिहायचा स्कोपवर. खुद्द क्लिपला असले पर्याय दिले की टिक्झ चूक दाखवतं.

तो मोठा आयत आकृतीच्या मापात धरला जातो, मग पानावर उगाच मोकळी जागा सुटते. त्यासाठी पीजीएफइंटरप्टबाउंडिंगबॉक्स आहे. नाव एका श्वासात म्हणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा.

क्लिपवर क्लिप लावलं तर छेदच होतो, खिडकी लहानच होत जाते, परत मोठी करता येत नाही. म्हणून प्रत्येक क्लिपला स्वतःचा स्कोप. आणि वर्तुळाचा घेर स्कोप बंद झाल्यावरच काढा, कारण रेघेची अर्धी जाडी मार्गाच्या बाहेर असते. आत काढलात तर तेवढी छाटली जाते, आणि घेर जीवेपेक्षा बारीक दिसतो. मेटापोस्टचं राहिलं, ते जेवणाच्या रांगेत विचारा, अध्यक्ष उठले.