अकाउंट हलवा, नाहीतर गेम विसरा?

नमस्कार मंडळी. पैसे मोजून घेतलेला गेम एका ठरावीक तारखेनंतर उघडतच नाही आणि कंपनी म्हणते, पुन्हा विकत घ्या. माइनक्राफ्ट खेळणाऱ्यांवर ही वेळ आलेली आहे.

मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये माइनक्राफ्ट बनवणारी मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलर्सना घेतली. जुने खेळाडू मात्र मोजांग अकाउंटनेच खेळत राहिले. ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झालं की सगळ्यांनी मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर यायचं. मार्च २०२२ पासून अकाउंट हलवल्याशिवाय खेळता येईना आणि १९ सप्टेंबर २०२३ ला मुदत संपली. कारण सुरक्षेचं दिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. नव्या अकाउंटला टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी आहे, जुन्याला नव्हती. हलवण्याला माझा विरोधच नाही. विकलेली वस्तू मुदत चुकली म्हणून काढून घेणं, हे मला पटत नाही.

कारण मुदत चुकते कोणाची? परळचा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. नववीत असताना वडिलांच्या कार्डवरून गेम घेतला. ईमेल आयडी त्या वयाला शोभेल असा, नावापुढे ‘किलर’ आणि चार आकडे. मग दहावी, बारावी, गेम मागे पडला. कंपनीच्या सूचना त्या आयडीवर येत राहिल्या, जो कोणी उघडतच नव्हतं. आता पासवर्ड आठवत नाही. रिकव्हरीला दिलेला नंबर वडिलांचा जुना प्रीपेड, रिचार्ज न केल्याने बंद पडलेला. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो, त्यामुळे ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जाऊ शकतो. या पोराने नेमकं काय चुकीचं केलं?

(स्क्रीनवर करारातला परिच्छेद)

अशा करारांमधली भाषा साधारण अशी असते: आम्ही तुमचं अकाउंट दुसऱ्या सेवेकडे किंवा दुसऱ्या कंपनीकडे सोपवू शकतो, नव्या अटी मान्य न केल्यास प्रवेश बंद होईल, परतावा मिळणार नाही. तुम्ही ‘मान्य आहे’ दाबलं तेव्हाच हेही मान्य केलंत, असं त्यांचं म्हणणं. मुंबईत चाळ पुनर्विकासाला गेली आणि बिल्डर बदलला, म्हणून भाडेकरूची खोली बुडत नाही. इथे मात्र मालक बदलला की आपणच आपला हक्क नव्याने सिद्ध करत बसायचं.

आपल्याकडे पबजी मोबाइलचं काय झालं आठवतंय ना? २ सप्टेंबर २०२० ला ११८ अ‍ॅप्सवर बंदी आली, त्यात पबजीही होता. २ जुलै २०२१ ला क्राफ्टन या कोरियन कंपनीने बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतीय अवतार आणला. जुना डेटा होता प्रॉक्सिमा बीटा या वेगळ्या कंपनीकडे, तो क्राफ्टनकडे द्यायला तुमची संमती लागायची आणि त्यालाही मुदत होती. तिथे निदान विचारलं तरी. पण ‘हो’ म्हणण्याआधी आपला डेटा कुठून कुठे चाललाय, हे किती जणांनी वाचलं असेल?

ओरड केली तर फरक पडतो, हेही सांगायला हवं. मे २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ या गेमच्या पीसी खेळाडूंना प्लेस्टेशन नेटवर्क या सोनीच्या ऑनलाइन सेवेचं अकाउंट जोडणं सक्तीचं करणार, असं सोनीने जाहीर केलं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर वाईट रिव्ह्यूंचा पाऊस पडला आणि काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४६), ‘अनुचित करार’. कोणत्या अटी अनुचित, यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्यात. ग्राहकाच्या संमतीशिवाय, त्याचं नुकसान होईल अशा तऱ्हेने करार दुसऱ्याकडे सोपवण्याची मुभा देणारी अट. आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट. ‘मुदत चुकली, गेम गेला’ हे माझ्या मते या व्याख्येत बसतं. कंपनी परदेशातली असली तरी, भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे सेवा विकणाऱ्या ई-कॉमर्स कंपन्यांना २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. आणि खेळाडू १८ वर्षांखालचा असेल, तर आपल्या करार कायद्यानुसार त्याला मुळात करारच करता येत नाही. तरीही त्याच्या एका क्लिकवर सगळा डोलारा उभा!

आज रात्री एवढं करा. प्रत्येक गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन ईमेल आणि नंबर चालू आहे का बघा. गेस्ट म्हणून खेळत असाल तर अकाउंट जोडून घ्या. खरेदीच्या पावत्या आणि स्थलांतराच्या नोटिशीचा तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. मुलांच्या फोनवर हे पालकांनी करायचं, विशेषतः घरात सिम बदलणार असेल तर त्याआधी.

आणि गेम गेलाच, तर आधी कंपनीला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निभावलं नाही तर लक्षात ठेवा, अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे चालत नाही, ती राज्य ग्राहक आयोगाकडे जाते. आपला राज्य आयोग मुंबईतच आहे आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो.