थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या मुलांसाठी

प्राध्यापक मित्रांनो, प्रथम वर्षाच्या मुलांचं ओरिएंटेशन आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. प्राचार्यांचं भाषण, ग्रंथालयाची फेरी, रॅगिंगविरोधी समिती, जिमखाना. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ची मार्गदर्शिका काढली आणि त्याला नीट आकारही आला. मला आज बोलायचंय ते दुसऱ्या कॉलेजातून मधेच येणाऱ्या मुलांबद्दल. त्यांना आपण याच हॉलमध्ये मागच्या रांगेत बसवतो, नाहीतर कुठेच बसवत नाही.

मी सावंतवाडीहून गोव्यात आले ती दुसऱ्या वर्षाला. 1985 च्या आधी आले असते तर विद्यापीठही बदललं नसतं, कारण तेव्हा गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाचीच होती. पुढे गोवा विद्यापीठ झालं, आणि गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे विद्यापीठ बदलण्याचा दाखला, लागायला लागलं. ते मिळेपर्यंत वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. मस्टरवर छापील यादीखाली माझं नाव निळ्या पेनाने लिहिलेलं होतं. हजेरी घेताना कितीदा तरी तिथवर पोचायच्या आतच मस्टर मिटायचं. फिजिक्सच्या लॅबमध्ये दोघादोघांच्या जोड्या आधीच जमलेल्या. मी एका जोडीत तिसरी. एक जण प्रिझम फिरवायचा, दुसरी व्हर्नियर वाचायची, मी आकडे उतरवायचे. दिवाळीपर्यंत स्पेक्ट्रोमीटरला माझा हात लागला नाही. कुणी वाईट वागलं नाही हो. माझ्यासाठी जागाच ठरवलेली नव्हती, एवढंच.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की या मुलांना कॉलेज म्हणजे काय ते सांगू नका. ते त्यांना ठाऊक असतं. आधी त्यांच्या क्रेडिटचं, म्हणजे आधीच्या कॉलेजात पेपर पास करून मिळवलेल्या श्रेयांकांचं, बघा. 2021 पासून अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, तिथे मुलाच्या ऑनलाइन खात्यात क्रेडिट जमा झालेली दिसतात. पण तिकडच्या पेपरात काय शिकवलं आणि आपल्या तिसऱ्या सेमिस्टरला काय आलेलं धरलंय, ते खातं सांगत नाही. विभागातल्या एका शिक्षकाने अर्धा तास मुलासमोर बसावं, दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवावेत आणि राहिलेलं एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्यावं. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास. चार क्रेडिटचा पेपर राहिला तर साठ तास कुठून काढायचे, हे पहिल्याच आठवड्यात ठरायला हवं. परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी ते कळलं तर मूल रडकुंडीला येतं. मी पाहिलंय.

दुसरं, तारीख ठरवू नका. ही मुलं एकाच दिवशी येत नाहीत. कुणाची टी. सी. अडकते, कुणाच्या वडिलांची बदली ऑगस्टमध्ये होते. मूल ज्या दिवशी दारात येईल, तो त्याचा पहिला दिवस. सोबतीला टॉपर देऊ नका, गेल्या वर्षी असंच बाहेरून आलेलं मूल द्या. कुठली खिडकी कधी उघडते, कोकणीतली कुठली थट्टा मनाला लावून घ्यायची नाही, दोडामार्गाची शेवटची बस चुकू नये म्हणून प्रॅक्टिकलची कुठली बॅच मागायची, हे त्यालाच माहीत असतं. महिन्याभराने त्या दोघांना पुन्हा बोलवा आणि लॅबमध्ये उपकरण कोण हाताळतं, एवढं विचारा.

आणि मस्टर नव्याने छापा. आडनावाच्या क्रमाने, मधे जिथे नाव येईल तिथे. आमच्या ऑफिसातल्या क्लार्कबाई दहा मिनिटांत काढून देतात.